पाणी झकास आहे

...आणि वर मलाच विचारतात, पाणी तपासलंस का? अहो, तपासलं का म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, गेल्या पावसाळ्यापासून मी दुसरं काही केलेलंच नाही! लोक सकाळी उठून तोंड धुतात, मी उठून पाणी तपासतो. काचेची एवढीशी नळी, त्यात माशांच्या टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं, खिडकीच्या उजेडाकडे धरायचं आणि एक डोळा मिटून रंग बघायचा. पिवळा आला तर चांगलं, हिरवा आला तर वाईट. माझा कायम पिवळा. असा सुरेख पिवळा की बघत राहावं. आणि खूश होऊन मान वळवावी, तर समोर टाकीत एक निऑन मासा आडवा पडून वर तरंगतोय... पोट आभाळाकडे.

मी त्या माशाकडे बघतो, मासा काही माझ्याकडे बघत नाही, मी नळीकडे बघतो. नळी म्हणते, पाणी झकास आहे!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, मासा आहे, मेला. तसं नाही हो. मी विमा कंपनीत आहे. गोदाम जळलं, दुकानात पाणी शिरलं, कोणाची गाडी कालव्यात गेली, की तिथं जाऊन "हे का झालं" ते शोधायचं, हेच माझं काम. बँकॉकमधल्या निम्म्या जळक्या गोदामांत मी नाक घालून आलोय. विझलेली उदबत्ती शोधून काढलीय मी एकदा राखेतून! आणि माझ्याच बैठकीच्या खोलीत, चार फुटांच्या काचेच्या पेटीत, माझ्या नाकासमोर खून पडतायत आणि मला पत्ता नाही. शिवाय माझं घरचं नाव कोप. आमच्याकडे सगळ्यांना असं एक घरचं नाव असतं, कोणी डुक्कर, कोणी कोळंबी, मी बेडूक. कोप म्हणजे बेडूक. बेडकाला पाण्यातलं कळू नये, ह्याच्यासारखी नामुष्की नाही.

पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट आहे आई. बाबा गेले, आईचे गुडघे गेले, आंगथोंगला, गावच्या घरात ती एकटी राहिली, म्हणून मी तिला इथं आणली, सतराव्या मजल्यावर. आणि आणल्यापासून ती बोलेनाशी झाली. भांडत नाही, रडत नाही, कशाला नाही म्हणत नाही. आमची आई, जी गावात तीन घरं पलीकडच्या सुनेला इथून ओरडून स्वयंपाक शिकवायची, ती खिडकीशी बसून वाहनांकडे बघते. तिला बरं वाटावं म्हणून टीव्ही घेतला, ती तो बंद करून त्याच्यासमोर बसते. एकच गोष्ट ह्या घरात तिला आवडली. माझी टाकी. हिरवीगार टाकी आहे हो माझी, खाली खरी माती, त्यात गवत, ओंडक्यावर शेवाळ, मागे उंच पाती, मधून निऑनचा थवा निळा-लाल चमकत जातो. ती तिच्यासमोर चटई टाकून बसायला लागली. एक दिवस म्हणाली, "घरामागच्या ओढ्यासारखं आहे." आल्यापासूनचं तिचं ते पहिलं धड वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आलो, खोटं कशाला सांगू.

आणि मग मासे मरायला लागले.

आधी कोळंब्या गेल्या. काचेसारख्या आरपार, एवढ्या एवढ्या, शेवाळ खाणाऱ्या. सकाळी बघतो तर गुलाबी! शिजवल्यासारख्या गुलाबी! म्हटलं, हीटर बिघडला असेल. पण बँकॉकात हीटर लावतो कोण? मग एक निऑन, मग दोन, मग आठवडाभर काही नाही, मी नि:श्वास टाकला, की पुन्हा तीन. आई माझ्या आधी उठते, त्यामुळे तिलाच दिसायचं. मी बाहेर येईपर्यंत तिनं मेलेला मासा केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवलेला असायचा, वर एक झेंडूची पाकळी. आणि त्या दिवशी ती जेवायची नाही.

मी गेलो चतुचकला, मासेबाजारात, पी तोंगकडे. पी म्हणजे आपला दादा. हा तोंगदादा वीस वर्षं मासे विकतोय आणि बोलतो असा, की ह्यानंच ते निर्माण केलेत. मी पाणी बाटलीत भरून घेऊन गेलेलो. त्यानं नळी काढली, थेंब टाकले, एक डोळा मिटला, उजेडाकडे धरलं आणि खालच्या आवाजात, भिक्खूनं आशीर्वाद द्यावा तसं म्हणाला, "पाणी झकास आहे."

म्हटलं, पी तोंग, मासे मरतायत. तो म्हणाला, पाण्यानं मरत नाहीत. म्हटलं, मग कशानं? त्यावर त्यानं मला वायूचा नवा नळ विकला. कारण झाडांना वायू लागतो, तो जास्त झाला तर मासे गुदमरतात, नवा नळ बारीक सोडतो. पुढच्या खेपेला गाळणीतला नवा स्पंज विकला. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाला ओंडका वाईट, नवा ओंडका घे. नवा ओंडका कोणी विकला, सांगायला नको. आणि दर खेपेला आधी नळी, मग डोळा, मग तेच, पाणी झकास आहे! अहो, मग मला पाणीच विकत दे ना, एवढं झकास आहे तर!

मग मी म्हटलं, आपण विमेवाले आहोत, पद्धतशीर तपास करू. घरातल्या माणसांपासून सुरुवात करू. ही माझी चूक. कारण घरातलं माणूस म्हणजे नुच, माझी बायको. ती फरशी पुसायला कसलं तरी जांभळं औषध वापरते, लव्हेंडरचा वास येतो, डोळ्यांत पाणी येतं. मी आपलं सहज, अगदी सहज, बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला लागलो. नुच दारात उभी. "काय वाचतोयस?" काही नाही म्हटलं. "मी मारले का तुझे मासे?" तसं नाही म्हटलं. "मग बाटली का हुंगतोयस?" आता हुंगणाऱ्या माणसानं काय उत्तर द्यावं? त्या दिवसापासून तिनं फरशी पुसायची सोडली आणि पोछा माझ्या ऑफिसच्या बॅगेवर वाळत घातला. मी साध्या पाण्यानं फरशी पुसायला लागलो. आणि मासे? मरतच होते! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी, आणि संन्याशाबरोबर नांदायचं आपल्यालाच.

फोनवर आमचा एक गट आहे, झाडांच्या टाकीवाल्यांचा. तिथं फोटो टाकला. तुम्हाला सांगतो, कोणाला घरात काडीची किंमत नसली ना, तर त्यानं अशा गटात जावं. एक म्हणाला, दिवा जास्त आहे. दुसरा म्हणाला, दिवा कमी आहे. तिसऱ्यानं विचारलं, टाकीजवळ डासांची उदबत्ती लावता का? चौथा म्हणाला, खत. पाचवा म्हणाला, मासे उदास आहेत. उदास! अरे, मासे कशाला उदास असतील, हप्ते मी भरतोय! आणि सगळ्यांच्या शेवटी कोणी तरी हटकून लिहायचंच, फोटोवरून तरी पाणी झकास दिसतंय.

ह्यात भर म्हणून शेजारचे प्रयूनकाका. बंदरावर कारकून होते, आता निवृत्त. पहिले मासे मेले तेव्हा लिफ्टमध्ये भेटले, खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, किती गेले रे? मला भरून आलं. एवढ्या मोठ्या इमारतीत कोणी तरी विचारणारं आहे! मी सांगितलं. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, किती? निऑन किती, कोळंबी किती? मी तेही सांगितलं, मोजून. मग एके दिवशी काका भली मोठी डुरियनची फोड घेऊन दारात! हसरे! काय झालं काका? तर म्हणे, तुझ्या माशांच्या आकड्यावर लॉटरी लागली. छोटीच लागली. आणि माझ्या उरलेल्या माशांना काचेबाहेरून हात जोडून म्हणतात कसे, "अशीच कृपा राहू दे." तुम्हीच सांगा, अशा शेजाऱ्याला काय म्हणायचं? शिवाय फुकटचा सल्ला, इमारतीच्या खालच्या देव्हाऱ्यातल्या भुमियाला लाल सरबत ठेव, तो जागेचा मालक आहे, नाराज असेल. ठेवलं मी. स्ट्रॉ घालून ठेवलं. पाणी झकास, सरबत झकास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मासे गेले.

आई मात्र कोणाला काही विचारायची नाही. तिला उपाय ठाऊक होता. कोणी मेलं की पुण्य करायचं आणि ते मेलेल्याला पोचवायचं. वान फ्रा आला, म्हणजे आमच्याकडचा चंद्राच्या कलांवर येणारा पवित्र दिवस, की आई गुडघे धरत धरत लिफ्टनं खाली जायची, बाजाराच्या गल्लीत भिक्खूंच्या पात्रात भात-कालवण घालायची आणि वर यायची. आधी हे बाबांसाठी असायचं. आता मला म्हणाली, बिचाऱ्या माशांसाठी पण करते. मी म्हटलं, कर आई. मला बरंच वाटलं. ती परत जरा बोलायला लागली होती ना! आणि मासे? ते अजून जास्त मरायला लागले. जितकं पुण्य, तितके मुडदे! मी म्हटलं, हा काय न्याय आहे? पण आपण विमेवाले, पुण्याचा आणि मरणाचा संबंध आपल्या अर्जात बसत नाही.

आणि मग मला जुलाब झाले. हसू नका. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत त्या बाईनं काय मिरच्या कुटल्या होत्या देव जाणे, मी ऑफिसला जाऊच शकलो नाही. आणि तो नेमका वान फ्रा. मी आपला बेडरूम ते संडास अशा फेऱ्या मारतोय, दार किलकिलं, आणि बघतो तर आई खालून पुण्य करून आली, पाय धुतले, टाकीसमोर चटई टाकून बसली. समोर तिची पितळेची छोटी झारी आणि वाटी. लग्नातली आहे ती, गावाहून येताना कपडे कमी आणले पण ती आणली. डोळे मिटून मंत्र पुटपुटत तिनं झारीतून वाटीत पाणी सोडलं, बारीक धार, न तुटू देता. हे आमच्याकडे सगळेच करतात. पुण्य पोचवायचं तर पाणी सोडायचं, आणि ते वाटीतलं पाणी मग झाडाच्या मुळाशी ओतायचं, धरणीमाता साक्षीला असते. गावाला घरामागं फणस आहे, बाबांनी लावलेला. आई सगळं पाणी त्या फणसाला घालायची.

पण सतराव्या मजल्यावर फणस कुठून आणणार? खाली बाग आहे, तर तिथलं गवत प्लास्टिकचं. नुच झाडं लावत नाही, तिला ॲलर्जी आहे. घरात खरी माती, खरी मुळं आणि खरी झाडं एकाच ठिकाणी...

आई उठली. टाकीचं झाकण सरकवलं. आणि वाटी ओतली. पूर्ण. वर झारी उपडी करून निथळवलीसुद्धा.

तुम्हाला सांगतो, जुलाब जागच्या जागी थांबले! कारण झारी चमकत होती. सोन्यासारखी चमकत होती, आणि ती का चमकतेय हे मला ठाऊक होतं. गावाला आई चिंचेनं घासायची. इथं आल्यावर नुचनं बघितलं, म्हातारीची बोटं सुजतात, म्हणून तिनं मॉलमधून पितळ उजळायचं औषध आणून दिलं, डब्यातलं, नुसतं फासायचं की लखलखाट. वान फ्राच्या आदल्या दिवशी आई गॅलरीत बसून माझ्या जुन्या बनियननं ती झारी त्या औषधानं घासते, जरा विसळते, भरून देवापुढे ठेवते. त्या डब्याचा वास असा, की शेजारचं मांजर गॅलरी सोडून गेलं. आणि ते पाणी अख्खी रात्र त्या पितळेत! पितळ म्हणजे निम्म्याहून जास्त तांबं, आणि पाण्यात उतरलेलं तांबं कोळंब्यांना, माशांना विष! आणि माझी नळी तांबं बघतच नाही, तिला तेवढी एकच गोष्ट बघायला शिकवलेली नाही! कोळंब्या आधी का गेल्या, मधे आठवडाभर शांत का असायचं, पुण्य वाढलं तसं मरण का वाढलं... सगळं एकदम कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझ्याकडे तर खरोखरचा पितळी कळसा होता हो!

म्हणजे बघा, आई बाबांसाठी पाणी सोडते, त्यानं मासे मरतात. मासे मेले म्हणून ती माशांसाठी पाणी सोडते, त्यानं आणखी मरतात. त्यांच्यासाठी ती आणखी सोडते... धरम करता करम उभं राहतं, ते असं.

आता सांगा, मी काय करू? आईला सांगू? आमची आई डास मारत नाही! साखरेत मुंग्या झाल्या तर कागदावर घेऊन लिफ्टनं खाली सोडून येते! जीव मारू नये हा पहिला नेम, तो तिनं आयुष्यभर पाळला, तिला मी सांगू की तू एवढे जीव मारलेस, तेही बाबांच्या नावानं? की बायकोला सांगू, की फरशीचं औषध निर्दोष होतं, पण दुसरं एक औषध तूच आणलंस? माझी ऑफिसची बॅग अजून ओली होती हो!

मी हळूच डबा लपवला. आईनं खालच्या दुकानातून दुसरा आणला. मग मी फणसाचं रोप आणलं, कुंडीत लावून गॅलरीत ठेवलं आणि म्हटलं, आई, हा बघ फणस, आता पाणी ह्याला घाल. आईनं रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबांना कुंडीत बसवतोस होय रे?" मी म्हटलं, टाकी तरी काय मोठी आहे? तर म्हणते, तिथं पाणी आहे, सोबत आहे, आणि बाबांना मासे आवडायचे. आता बाबांना मासे आवडायचे, पण ते ताटात. कोळशावर भाजलेले, वर चिंचेचा सॉस. पण हे मी बोललो नाही.

मग मी झारीच लपवली, कपाटावर, चादरींच्या मागे. आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं. आईनं दिवसभर शोधली. प्रत्येक भांडं उघडून बघितलं, तांदळाचा डबा बघितला, कचऱ्याची पिशवी उलटी केली. संध्याकाळी मी आलो तर ती ओट्याशी उभी होती, हातात झारीऐवजी चमचा. म्हणाली, "कोप, माझं डोकं चालत नाही आता. त्यांची झारी मी कुठं ठेवली ते मला आठवत नाही. उद्या ते पण आठवणार नाहीत." असं म्हणून लहान मुलासारखी रडली. मी स्टुलावर चढलो, चादरींमागून झारी काढली आणि म्हटलं, ही काय, मीच ठेवली होती, साफसफाईत. तिनं ती बाहीनं पुसली. मी संडासात जाऊन बसलो. जुलाब नसताना.

पुढच्या वान फ्राला मी रजा घेतली. टाकीत मोजकेच निऑन उरले होते. आईनं पाणी सोडलं, मंत्र म्हटला, बाबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, मग म्हणाली, "आणि ह्या घरात गेलेल्या लहान लहान जिवांना." उठली, झाकण सरकवलं, वाटी तिरकी केली... आणि मी तिचा हात धरला.

"आई, नको ओतूस."

"का रे?"

"त्या पाण्यानं मासे मरतायत."

तिनं वाटीत बघितलं. "बाबांच्या पाण्यानं?"

"पाण्यानं नाही. पितळेच्या औषधानं. ते पाण्यात उतरतं. तुझी काही चूक नाही, आई."

तिनं बोटानं वाटीची कड पुसली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे ज्यांना मी पाणी देत होते, त्यांना मीच..."  नुच दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. मी म्हटलं, आता ही पोछा घेऊन येणार. पण ती आईजवळ खाली बसली आणि म्हणाली, "औषध मी आणलं होतं, मे." मे म्हणजे आई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नुच तिला नेहमी "कोपची आई" म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा मे म्हणाली. दोघी तिथंच बसल्या. आई जेवली नाही. नुच जेवली नाही. मग मी एकटा कसा जेवणार? मला भूक होती, पण ते बाजूला राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरात नाही! चटई गुंडाळलेली, चपला नाहीत. मी लिफ्टकडे धावलो, तर लिफ्टचं दार उघडलं आणि आत आई. चेहरा असा उजळलेला, बाबा गेल्यापासून बघितला नव्हता. आणि हातात पाण्यानं टम्म फुगलेली पिशवी. पिशवीत काही तरी काळं, वळवळतंय.

मांगूर! कोपरापर्यंतच्या हाताएवढा! मिशावाला!

तर झालं होतं असं, की आई पहाटे देवळात जाऊन भिक्खूंना विचारून आली. ते म्हणाले, नकळत घडलं, त्याचं पाप लागत नाही. पण आईचं समाधान होईना. जीव गेले, तर जीव सोडवायला नको? म्हणून ती गेली बाजारात. कोळिणीनं हा मांगूर ठोकणीखाली घेतलेला, आईनं तिचा हात धरून तो सोडवला. आता आमच्याकडे असा सोडवलेला मासा नदीत सोडतात. ही घाटावर गेली, तर तिथं पाटी, मांगूर नदीत सोडू नये, तो बाकीचे मासे खातो. आईनं पाटी वाचली. विचार केला. आणि घरी आणला.

मी म्हटलं, आई, तो नदीतले मासे खातो म्हणून तिथं सोडला नाहीस, मग इथं? ती म्हणाली, तिथं त्याला कोणी जेवायला घालत नाही म्हणून खातो. आपल्याकडे पोटभर मिळेल, तो कशाला खाईल? आता ह्यावर बोला! आणि कोणाशी बोलणार? कालपासून न जेवलेल्या, भुकेल्या, हसऱ्या म्हाताऱ्या बाईशी? मी झाकण सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत एकही निऑन नव्हता. गवत उपटलेलं, ओंडका आडवा, माती सगळी वर, आणि त्या गढुळात तो ऐटीत बसलेला, पोट तट्ट. त्या दिवशी मी आईच्या आधी उठलो होतो, तेव्हाच ठरवलं आणि ती उठल्यावर सांगितलं, निऑन मी तोंगदादाकडे ठेवायला दिले, ह्याला जागा व्हावी म्हणून. नुच म्हणाली, हो मे, मीच पिशवी बांधली. बाईनं डोळ्याची पापणी हलवली नाही. पोछा त्या दिवसापासून पुन्हा बादलीत गेला, ते वेगळं.

पुण्याचं पाणी आता आई गॅलरीतल्या फणसाला घालते. काचेच्या पेल्यातून. कुंडीतल्या बाबांचं काय झालं, असं मी एकदा गमतीनं विचारलं, तर म्हणाली, ते कुठं कुंडीत आहेत? आणि टाकीकडे बोट केलं. "मिशा बघ ना. त्यांच्याच. इतकं पाणी सोडलं, शेवटी पोचलं." मी बघितलं. आता खरं सांगू? आहेत तशाच. आणि एका रात्रीत सगळे निऑन! बाबांना मासे आवडायचेच.

आता ती बोलते हो! दिवसभर बोलते! मी ऑफिसातून आलो की आतून आवाज, "ऐकलंत का, कोपचे बाबा, आज पण उशिराच आला तुमचा मुलगा. सुनेला बरं नाही आणि हा बाहेर शेवया खाऊन आला असणार." आणि तो काचेपाशी येऊन मिशा हलवतो. माझ्याच टाकीतून माझ्याचकडे बघतो, बाबा बघायचे तसं, पेपरवरून. प्रयूनकाका दारात येऊन विचारतात, किती गेले? कोणी नाही म्हटलं की तोंड पाडून जातात.

परवा तोंगदादा आला. म्हणाला, बघू दे एकदा. नळी काढली, थेंब टाकले, डोळा मिटला, उजेडाकडे धरलं. गर्द हिरवं! त्यानं पुन्हा केलं, पुन्हा गर्द हिरवं. घाबरून म्हणाला, कोप, हे पाणी भयंकर आहे, ह्यात काही म्हणजे काही जगणार नाही, आणि ह्या धटिंगणाला आधी बाहेर काढ, नवीन माती देतो, नवीन झाडं देतो. मी आईकडे बघितलं. आई चटईवर बसून भाताचे गोळे वळत होती आणि त्याला माझ्या लहानपणची कसली तरी तक्रार सांगत होती. नुचनं मला डोळ्यांनीच विचारलं, काढतोस?

जन्मदात्या बापाला टाकीबाहेर काढायची छाती आहे कोणाची? मी तोंगदादाच्या हातातली नळी घेतली, बेसिनमध्ये ओतली आणि त्याला दारापर्यंत पोचवत म्हटलं, जाऊ दे रे पी तोंग. पाणी भयंकर आहे. बाबा झकास आहेत.